गोल दारांची रोल्स आणि मेस्ताची उत्तरे

गेल्या अंकात मी, पत्रा ठोकणाऱ्या मेस्ताने, पणजीतल्या जुन्या मोटारींवर चार ओळी काय लिहिल्या, संपादकांकडे पत्रांचा ढीग लागला. त्यातली बरीचशी एकाच गाडीबद्दल: गोल दारांची जुनी रोल्स-रॉइस. तेव्हा या खेपेला क्लच, मायलेज आणि 'एसी गार पडत नाही' वाल्यांनी थोडी कळ काढावी. त्यांची गाडी पुढच्या महिन्यातही बिघडलेलीच असेल.

प्रश्न : मेस्त, आमचा भाचा लॉस एंजेलिसला असतो. तिथल्या पीटरसन मोटार संग्रहालयातल्या एका काळ्या रोल्स-रॉइसचा फोटो त्याने पाठवला. गाडी केवढीतरी लांब आणि दारे चक्क गोल! ही गाडी पूर्वी हिंदुस्थानातल्या एका राजाची होती, असे तो सांगतो. हा राजा कोण? आणि असली दारे त्या राजानेच हौसेने करवून घेतली असणार, हा माझा तर्क बरोबर आहे का?
— एक निवृत्त शिक्षक, डिचोली

उत्तर : सर, भाचा खरे सांगतोय. तुमचा तर्क मात्र चुकला. राजा होता, पण गोल दाराशी त्याचा काही संबंध नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायला हवी, नाहीतर या गाडीची कथा समजतच नाही. त्या काळी रोल्स-रॉइस पूर्ण गाडी विकत नसे. ती विकायची चेसिस. म्हणजे सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, चाके, स्टिअरिंग, पुढचा रेडिएटर आणि बोनेट. बसायला सीट नाही, डोक्यावर टप नाही, दार तर नाहीच. ही चेसिस गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या बॉडीवाल्याकडे पाठवायचे. लंडनमध्ये हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मेबर्ली अशी नामांकित घराणी होती. त्यातली जुनी घराणी मुळात घोड्यांच्या बग्ग्या बांधणारी. रोल्स-रॉइसने स्वतःच्या कारखान्यातून बॉडीसकट गाड्या द्यायला सुरुवात केली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. म्हणून युद्धापूर्वीच्या रोल्सबद्दल बोलताना दोन नावे घ्यावी लागतात, एक चेसिस करणाऱ्याचे आणि एक बॉडी बांधणाऱ्याचे. आपले लोक पहिलेच घेतात आणि थांबतात.

तर भाच्याने पाहिलेल्या गाडीच्या चेसिसचा नंबर ७६टीसी. साल १९२५, मॉडेल फँटम वन. त्या वर्षी कंपनीने 'सिल्व्हर घोस्ट'च्या जागी हे नवे मॉडेल आणले. सहा सिलिंडर एका रांगेत, ७,६६८ सीसीचे इंजिन. आज आपल्या दारातल्या हॅचबॅकचे इंजिन १,२०० सीसीचे असते, म्हणजे अंदाज घ्या.

ही चेसिस मागवली होती अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या श्रीमती ह्यू डिलमन यांनी. या बाई म्हणजे डॉज मोटार कंपनीच्या होरेस डॉज यांच्या विधवा पत्नी, दुसऱ्या लग्नानंतर डिलमन झालेल्या. घराण्याच्या नावाचा मोटारींचा कारखाना, आणि गाडी मागवली ती विलायतेहून! हूपरने तिच्यावर कॅब्रिओले, म्हणजे टप उघडता येणारी बॉडी चढवली. पण बाईंचा विचार बदलला आणि त्यांनी गाडी घेतलीच नाही. मग ती घेतली नानपाऱ्याच्या राजाने. नानपारा म्हणजे अवधच्या तालुकदारांतले एक मोठे घराणे. आजच्या उत्तर प्रदेशात, बहराइच जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेजवळ. गाडीचा पहिला मालक तोच. पण राजेसाहेबांनी घेतली तेव्हा तिच्यावर हूपरची बॉडी होती: उभट काच, ताठ बसणी, नेहमीची चौकोनी दारे. त्या वेळच्या दहा रोल्समध्ये ती उभी केली असती तर कोणी वळूनही पाहिले नसते.

पुढे गाडीचे हात बदलले आणि १९३४ मध्ये ती बेल्जियमला जाँकहीर यांच्या कारखान्यात पोचली. हे घराणे फ्लँडर्समधल्या रूझेलारेजवळचे, १८८१ पासून बग्ग्या बांधणारे. तिथे हूपरची बॉडी उतरवली आणि त्याच चेसिसवर नवी कूपे, म्हणजे दोन दारांची बंद गाडी, बांधली. तुमच्या भाच्याच्या फोटोत दिसते ती ही.

साल लक्षात घ्या. १९३४ मध्ये मोटारवाल्यांच्या डोक्यात वारा शिरला होता, अगदी शब्दशः. अमेरिकेत क्रायस्लरने 'एअरफ्लो' आणली, चेकोस्लोव्हाकियात टाट्राने '७७' आणली. झेपेलिन वायुनौकांच्या कारखान्यात काम केलेल्या पाउल यारायने दहा-बारा वर्षे आधीच सांगून ठेवले होते की गाडीचे अंग वाऱ्याला वाट देणारे हवे. त्या वाऱ्यात जाँकहीरच्या कारागिरांनी केले काय, तर नऊ वर्षांच्या जुन्या, जडशीळ रोल्सला लांबच लांब उतरती पाठ दिली, मागे मधोमध एक उभा पंख काढला, दारे पूर्ण गोल केली, टपात उघडझाप करणारे दोन झरोके ठेवले. रोल्सचा रेडिएटर ग्रीक देवळाच्या धर्तीचा, ताठ उभा. कंपनीची ती ओळखच. तोही यांनी मागे कलता केला. रोल्सच्या डर्बीच्या कारखान्यात हे कळले तेव्हा कोणाच्या तरी हातातला चहा नक्की सांडला असेल.

लांबी सुमारे २० फूट, वजन तीन टनांच्या घरात. पणजीत फोंतायन्यासच्या गल्लीत शिरली तर ती तिथेच राहील, पुढे नाही मागे नाही. आणि खरे सांगू? एवढे वजन आणि एवढे नाक घेऊन त्या पंखाचा वाऱ्याला कितपत फरक पडत असेल, मला शंकाच आहे. ती गाडी वाऱ्यासाठी नव्हती, बघणाऱ्यांसाठी होती. पुढून ती मला अवजडच वाटते. देखणी आहे ती मागून, तीन पावले बाजूला उभे राहून पाहिले तर. भाच्याला सांगा, तिथून एक फोटो पाठव.

१९३६ मध्ये फ्रान्सच्या कान शहरातल्या मोटारींच्या सौंदर्यस्पर्धेत तिला 'प्री दॉनर', म्हणजे मानाचे बक्षीस मिळाले. त्यानंतर महायुद्ध, आणि मग एकदम १९५० च्या दशकात ती अमेरिकेत न्यू जर्सीच्या भंगारवाड्यात सापडते. मानाच्या बक्षिसापासून भंगारापर्यंत वीस वर्षेसुद्धा लागली नाहीत. एका व्यापारी डोक्याच्या माणसाने ती उचलली, सोनेरी रंगाने रंगवली आणि गावोगाव नेऊन एक डॉलर घेऊन दाखवू लागला. आपल्याकडे जत्रेत 'मौत का कुआँ' असतो ना, तसाच धंदा. हसू नका. ज्याला कोणी किलोवर विकले असते ते त्याने राखले तरी. १९९१ मध्ये लिलावात ती जपानी संग्राहकाकडे गेली आणि २००१ मध्ये पीटरसन संग्रहालयाने घेतली. दुरुस्ती झाली, काळा रंग चढला, आणि २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या प्रदर्शनात रोल्स-रॉइस गाड्यांसाठी असलेली ल्युशियस बीब ट्रॉफी तिने पटकावली.

आता मला खुपते ते सांगतो. या गाडीचे रेखाटन कोणाचे, ते आज कोणालाही सांगता येत नाही, कारण जाँकहीरची जुनी कागदपत्रे आगीत जळाली. मागवणाऱ्या बाईंचे नाव राहिले, राजाचे राहिले, चेसिसचा नंबरसुद्धा राहिला. आणि ज्याने पहिल्यांदा कागदावर कंपासने ते गोल दार काढले त्याचे नाव गेले. ज्या तीन-चार पत्रेवाल्यांनी ते दार ठोकून काढले त्यांची नावे तर कोणी लिहूनच ठेवली नसतील. मी स्वतः जन्मभर पत्रा ठोकला, म्हणून मला हे जरा जास्त लागते असे समजा.

नेहमीच असे घडते असे नाही. १९३८ मध्ये पॅरिसला राहणाऱ्या एम्बिरिकोस नावाच्या ग्रीक धनिकासाठी बेंटलीच्या सव्वाचार लिटरच्या चेसिसवर एक कूपे बांधली गेली. बॉडी पूर्तू यांच्या कारखान्याची, रेखाटन जॉर्ज पोलँचे. हा पोलँ मूळचा दातांचा डॉक्टर! डिकीत आपोआप सरकून जाणाऱ्या पत्र्याच्या टपाचे पेटंटही त्याचेच. प्यूजोने तो टप विकलाही. त्या बेंटलीत खरोखर वाऱ्याचा विचार होता. ती १९४९ मध्ये ल मानच्या २४ तासांच्या शर्यतीत धावली आणि सहावी आली, तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची जुनी गाडी होती. ते पाहायला पोलँ मात्र नव्हता. तो फ्रेंच प्रतिकार चळवळीत सामील होता. १९४२ मध्ये नाझींनी त्याला गोळ्या घातल्या. त्याचे नाव आज घेतले जाते. जाँकहीरच्या माणसाचे घेता येत नाही.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगला आहे. गोल दाराच्या रोल्सचा व्हिडिओ पाहिला. दार पूर्ण गोल, तर त्यातली काच खाली जाते कशी? आमच्या वर्गात यावरून पैज लागली आहे. मी म्हणते काच बसवलेलीच असणार, उघडतच नसणार.
— तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, फर्मागुढी

उत्तर : बाय, पैज हरलीस. काच उघडते. पण तुझी शंका शहाणी आहे.

साध्या दारात काच सरळ खाली जाते, कारण दाराचा खालचा भाग वरच्याइतकाच रुंद असतो. गोल दारात काच असते वरच्या अर्ध्या भागात, म्हणजे ती अर्धगोल. तिची सगळ्यात रुंद कड खाली. आणि दाराचा खालचा अर्धा भाग खाली जाता जाता निमुळता होतो. रुंद कड निमुळत्या जागेत ढकलायला गेलीस तर बोटभरही उतरणार नाही.

त्यांनी काच मधोमध उभी कापली. दोन तुकडे झाले, प्रत्येक पाव गोलाचा. काच खाली करताना हे दोन तुकडे कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांपासून फाकत दोन बाजूंनी दारात उतरतात. पटत नसेल तर पुठ्ठ्याचा गोल काप. वरच्या अर्ध्याचे दोन तुकडे कर, गोलाच्या मध्यावर टाचणी टोच आणि एकेक तुकडा बाहेरच्या बाजूने पाव फेरा फिरव. डावा तुकडा खालच्या डाव्या पाव भागात तंतोतंत बसेल, उजवा उजव्यात. भूमितीत काही अडचण नाही. अडचण आहे ती पुढे: काचेची घळ वक्र हवी, तिच्यात नमदा बसायला हवा, मधल्या फटीतून पाऊस येता कामा नये, आणि हे सगळे खडखडू नये. वर्कशॉपच्या सरांना विचार, ही घळ हाताने कोण करून देईल. तिथे खरी पैज लाव.

आणि दार एवढे मोठे का, तेही बघ. गाडीला दारे दोनच. त्यांचा घेर एवढा आहे की त्याच दारातून पुढच्या सीटवरही जाता येते आणि मागच्याही. नखरा आहे, पण नखऱ्याच्या आत हिशोब आहे.

प्रश्न : या गोल दाराच्या गाडीची किंमत आज किती असेल?
— एक व्यापारी, मडगाव

उत्तर : १९९१ च्या लिलावात सुमारे १५ लाख डॉलर. आज ती संग्रहालयाची आहे आणि विकायला काढलेली नाही, तेव्हा तुम्ही आणि मी दोघेही वाचलो.

प्रश्न : आपले राजेरजवाडे विलायती गाड्यांवर एवढा पैसा उधळत, त्यात मराठी संस्थानिक होते का? की हा सगळा उत्तरेकडचा प्रकार?
— एक वाचक भगिनी, फोंडा

उत्तर : ताई, आपलेही काही मागे नव्हते. इंदूरचे यशवंतराव होळकर, दुसरे, यांचे नाव तर मोटारींच्या जगात आजही आदराने घेतात. माणूस नव्या विचारांचा. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, आत सगळी त्या काळची अगदी नवी धाटणी. नक्षी, झुंबरे, गाद्यागिर्द्या यांना फाटा. त्याच नजरेने त्यांनी १९३६ च्या सुमारास अमेरिकेची ड्यूसेनबर्ग निवडली. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप, लावलेले आठ सिलिंडरचे इंजिन, ताकद कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ३२० अश्वशक्ती. चेसिस आणली लंडनला, गर्नी नटिंगकडे, आणि तिच्यावर दोन माणसांची उघडी स्पीडस्टर बांधून घेतली. नारिंगी आणि काळा रंग. म्हणजे इंजिन अमेरिकन, बॉडी इंग्रजी, मालक होळकर. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, ड्यूसेनबर्ग कंपनी बंद पडली.

राजकोटचे ठाकूरसाहेब मराठी नव्हेत, गुजरातचे, पण त्यांची १९३४ ची रोल्स-रॉइस फँटम टू, थ्रप अँड मेबर्लीच्या बॉडीची, 'स्टार ऑफ इंडिया' नावाने ओळखली जाते. तिचे नाव तुम्ही ऐकले असेलच.

उधळपट्टी होती का? होतीच. रयतेचा पैसा होता, त्यावर पांघरूण घालायला मी बसलेलो नाही. पण दोन प्रकारचे गिऱ्हाईक असते, हे मला गॅरेजमध्ये दिसले तेच तिथेही दिसते. एक म्हणतो, शेजाऱ्यापेक्षा महाग करा. दुसरा म्हणतो, ही रेघ इथून अशी उतरू दे. होळकर दुसऱ्या जातीचे. त्या ड्यूसेनबर्गच्या मागच्या अंगाची रेघ पाहिली की मालकाने कारखानदाराशी चार वेळा तरी वाद घातला असेल असे मला वाटते. असा गिऱ्हाईक डोके खातो, पण काम त्याच्यामुळेच चांगले होते.

प्रश्न : मेस्त, मी डेंटिंगचे काम करतो. आमच्याकडे पत्रा चेपला की नवा पॅनेल मागवतात, मी फक्त बसवतो आणि लांबी, म्हणजे पुटी, भरतो. त्या काळी अख्खी बॉडी हाताने कशी बांधत? आता आपल्याकडे कोणी बांधू शकेल का?
— एक कारागीर, साखळी

उत्तर : पोरा, तुझ्या पत्राने बरे वाटले. बाकीचे सगळे राजा आणि किंमत विचारतात.

पहिल्यांदा लाकूड. विलायतेत ॲश नावाचे लाकूड वापरत. वाकते पण तुटत नाही, स्क्रू धरून ठेवते. सुतार आधी पूर्ण मापाचे रेखाटन करायचा, मग त्यावरून दाराच्या चौकटी, खांब, टपाच्या कमानी. हा लाकडी सांगाडा चेसिसवर बोल्टने बसवायचा. गोव्यात कदंबच्या सरकारी बसगाड्यांआधी ज्या कारेरी, म्हणजे जुन्या बसगाड्या, धावायच्या त्यातल्या जुन्यांचे अंग असेच लाकडावर पत्रा मारून केलेले असायचे, आणि ट्रकचा हौदा तर अजून लाकडाचा तू पाहतोसच. मी काम शिकलो ते म्हापशात मामाच्या हाताखाली, कारेरीच्या दारांवरच. मामाच्या हातात रंधा आणि हातोडी दोन्ही चालायची. आता तसा माणूस मिळत नाही; सुतार वेगळा झाला आणि पत्रेवाला वेगळा.

मग पत्रा. चांगल्या बॉडीला ॲल्युमिनियम. वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीने ठोकून आधी ढोबळ खोलगट करायचा, मग चाकावर घ्यायचा. या चाकाला इंग्लिश व्हील म्हणतात: वर मोठे सपाट चाक, खाली छोटे फुगीर, मधून पत्रा पुढे-मागे ओढत राहायचा. दाबाखाली पत्रा तसूतसूने ताणतो आणि फुगतो. ठोकून ठोकून ॲल्युमिनियम कडक होते, मग त्याला चीर पडते. ती पडू नये म्हणून मधूनमधून तापवून मऊ करावे लागते. आणि इथेच फसगत असते, कारण ॲल्युमिनियम लोखंडासारखे लाल होऊन इशारा देत नाही; बघता बघता वितळून खाली पडते. जुने कारागीर काय करत, तर पत्र्याला अंगाचा साबण घासत आणि मागून ज्योत फिरवत. साबणाची रेघ तपकिरी होऊन काळी पडली की ज्योत लगेच काढायची. एवढाच थर्मामीटर. तुझ्याकडे गॅस आहे, साबण आहे. एखादा टाकाऊ ॲल्युमिनियमचा तुकडा घे आणि कर. तापवण्याआधी आणि नंतर हाताने वाकवून बघ, फरक बोटांना कळेल.

गुळगुळीत झाला की नाही ते डोळ्यांना नीट दिसत नाही. तळहात फिरवायचा, तोही पातळ सुती फडक्यावरून. खड्डा लगेच लागतो. नाहीतर ट्यूबलाइट आडवी धरून तिची रेघ पत्र्यात बघायची. रेघ जिथे लचकते तिथे अजून काम आहे. पत्रा पोलादी असेल तर जोडावर शिसे-कथिलाचा डाग देऊन कानशीने साफ करायचा. लांबीचा डबा तेव्हा नव्हता. तुझ्या हातात तो आहे म्हणून तुला दोष देत नाही, गिऱ्हाईकाला संध्याकाळी गाडी हवी असते. पण चार मिलिमीटर लांबी भरून वर चकचकीत रंग मारलेला पत्रा दोन पावसाळ्यांत बोलायला लागतो, हे तुलाही माहीत आहे.

आपल्याकडे होईल का? होईल. चेसिस एकाची आणि अंग दुसऱ्याचे ही पद्धत काही मेलेली नाही. तुझ्या साखळीपासून फार लांब नाही, भुईपालला ऑटोमोबाइल कॉर्पोरेशन ऑफ गोवा आहे. १९८० ची कंपनी. ती बसच्या बॉड्या बांधते, चेसिस टाटांची. आणि गंमत बघ, तो बेल्जियमचा जाँकहीर, गोल दारांचा, तोही पुढे बसगाड्या बांधण्यातच नावारूपाला आला आणि शेवटी डच व्हीडीएल समूहात गेला. एकच श्रीमंत कूपे बांधून कारखाना चालत नाही; कारखाना चालतो बसवर. तू बस बांधायला शीक आणि रविवारी ॲल्युमिनियम ठोक.

प्रश्न : आमच्या आजोबांची युद्धापूर्वीची एक इंग्रजी मोटार बेळगावहून आणलेली, आता मांगरात पडून आहे. चेसिसचा नंबर दिसतो. पण मूळ बॉडी गेली. साठच्या सुमारास कोणीतरी तिच्यावर मागे उघडी, सामान वाहायची बॉडी बांधून घेतली. ती 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येईल का? आणि पावसाळ्यात ती आणखी बिघडू नये म्हणून काय करावे?
— एक बागायतदार, पेडणे

उत्तर : भाऊ, तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसरा तातडीचा. पाऊस आरटीओची वाट बघत नाही.

प्लास्टिकचे कापड गाडीवर टाकले असेल तर आजच काढा. आपल्याकडच्या दमट हवेत प्लास्टिकखाली पाणी सुटते आणि गाडी बाहेर उभी असती त्यापेक्षा लवकर गंजते. सुती चादर पुरे, वर छप्पर धड असले म्हणजे झाले. मातीच्या जमिनीवर असेल तर खाली फळ्या किंवा लाद्या टाका आणि गाडी लाकडी ठोकळ्यांवर उचलून धरा, म्हणजे टायर आणि स्प्रिंगा दोन्ही वाचतील. बॅटरी काढा. टाकीतले जुने पेट्रोल काढा. बोनेट उघडून उंदरांचे घरटे बघा. काजू-सुपारीच्या मांगरात ते नसेल तर आश्चर्य. आणि लाकडाचा जो भाग उरला असेल तो चाकूच्या टोकाने टोचून बघा. बाहेरून साबूत आणि आतून वाळवीने पोकळ, असे फार असते. दाराच्या तळाची पाणी जायची भोके मातीने बुजली असतील, ती तारेने मोकळी करा. एक साधे लोहचुंबकही जवळ ठेवा: पत्र्याला चिकटत नसेल तर खाली ॲल्युमिनियम आहे किंवा लांबीचा जाड थर. दोन्हीत काय ते ठोकून कळते.

आता नोंदणी. केंद्राने २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली दुचाकी किंवा चारचाकी, धंद्यासाठी न वापरली जाणारी, 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदणी करायला शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नंतरच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येते. आधीची नोंदणी शाबूत असेल तर जुना नंबर ठेवता येतो, म्हणून आजोबांच्या कपाटातले प्रत्येक कागदपत्र शोधा. जुने आरसी पुस्तक सापडले तर अर्धे काम झाले. अशी गाडी रोज बाजाराला न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर.

तुमची अडचण वेगळीच आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको, असा नियमाचा रोख आहे. वरच्या उत्तरातली गोल दारांची रोल्स आठवा. १९२५ ची चेसिस, १९३४ ची बॉडी. ती मूळ स्वरूपात आहे का? हूपरवाला म्हणेल नाही. आणि आज कोणी जाँकहीरची बॉडी उतरवून हूपरची नक्कल चढवायला निघाला, तर जगभरचे लोक त्याच्या अंगावर धावून जातील, आणि मीही त्यांच्यात असेन. जगात नावाजलेल्या कूपेला जो न्याय, तोच तुमच्या मांगरातल्या गाडीला लावावा असे माझे मत. तिच्यावरची साठच्या सुमाराची बॉडीही आता जुनी झाली. कोणा बेळगावच्या नाहीतर सावंतवाडीच्या मेस्ताने ती बांधली, गाडी पोटापाण्याला लावली, म्हणून ती भंगारात गेली नाही. पण हे माझे मत. गाडी तपासणारा अधिकारी कागद बघणार.

म्हणून घाईने काही उतरवू नका. 'मूळ' करून देतो म्हणणारे फार भेटतील. फायबरचे मडगार्ड आणि चकचकीत रंग लावून ते तुमच्याकडून लाखो रुपये घेतील, आणि शेवटी तुमच्याकडे ना जुनी गाडी राहील ना नवी. आधी चेसिसचा नंबर आणि इंजिनचा नंबर खडूने घासून स्वच्छ फोटो काढा. ठशावर कानस किंवा पॉलिशपेपर मुळीच लावू नका, नंबर खोडला गेला तर गाडीच गेली. मग बॉडीच्या आतल्या बाजूला, सीटखाली, दाराच्या उंबऱ्यावर बघा, बांधणाऱ्याची पितळी पट्टी कुठे ठोकलेली आहे का. बहुधा रंगाखाली गाडली गेलेली असते. नखाने चाचपली तर कडा लागतात. सापडली तर तिचाही फोटो काढा आणि सगळे मिळून संपादकांच्या पत्त्यावर पाठवा. पट्टीवरचे नाव मला आधी वाचायचे आहे, नोंदणीचे आपण नंतर बघू.